पाण्यावरचे लोखंड : एक प्रस्तावना

युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नदीला आजवर जो न्याय दिला आहे, तो नकाशातल्या निळ्या रेघेहून फारसा अधिक नाही. अमुक तारखेस अमुक फौज अमुक नदी उतरून पलीकडे गेली, एवढे एक वाक्य लिहून लेखक पुढच्या रणांगणाकडे वळतो. आणि त्या 'उतरून' या एका शब्दात थडीवर जागून काढलेली रात्र, काळोखात ऐकलेला पाण्याचा आवाज, कोरड्या पडलेल्या घशाने केलेले कुलदैवताचे स्मरण आणि पलीकडच्या काठावर मोजणी होताना एखाद्या नावाला न मिळालेला प्रतिसाद, हे सारे गडप होते. ज्यांनी ती नदी प्रत्यक्ष ओलांडली, त्यांना विचारावे तर तेही सहसा बोलत नाहीत. शत्रूच्या गोळीची भीती वाटली होती, हे शिपाई म्हातारपणी नातवंडांना मोकळेपणाने सांगतो, कारण त्या सांगण्यात पराक्रमाची बाजू आपसूक येते. पण पाण्याची भीती वाटली होती हे सांगताना त्याची जीभ अडखळते, कारण पाण्याशी झालेल्या झुंजीला पदक मिळत नाही, आणि ज्या भीतीसमोर शत्रू उभा नाही ती भीती म्हणजे नुसता भित्रेपणा, अशी समजूत त्याच्या मनात कोणीतरी फार पूर्वी घालून ठेवलेली असते. ही समजूत चुकीची आहे. पाण्यात उतरणाऱ्या चिलखती गाडीतल्या शिपायाची भीती हे त्याच्या जवळचे सर्वांत खरे ज्ञान असते, अशी माझी खात्री झाली आहे. आणि त्या खात्रीपोटीच ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे.

नदीची भीती फौजेला नवी नाही, आणि मराठी वाचकाला तर तिची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. १७६० च्या ऑक्टोबर महिन्यात यमुना अद्याप भरून वाहत होती, आणि तशा पाण्यातून अहमदशहा अब्दाली अलीकडे येऊ शकणार नाही, या भरवशावर मराठ्यांच्या छावणीने आपले बेत आखले होते. अब्दालीने बागपतजवळ ती नदी उतरली. त्याची काही माणसे प्रवाहात वाहून गेली, पण फौज अलीकडे आली, आणि पानिपतच्या पुढच्या साऱ्या अनर्थाची दिशा त्या उताराने ठरली. या घटनेचा विचार करताना आपण नेहमी आपल्या बाजूच्या गाफीलपणाचा विचार करतो, आणि ते योग्यही आहे. पण त्या वेळी पठाणी स्वारांपैकी जो पहिला आपला घोडा पाण्यात घालीत होता, त्याच्या पोटात काय कालवले असेल, हा प्रश्न मला अलीकडे अधिक अस्वस्थ करतो. त्याला निदान एक आधार होता. घोड्याला पाणी कळते. तो खूर टेकेनासे झाले की आपण होऊन पोहू लागतो, प्रवाहाला तिरपी छाती देतो, आणि स्वाराने लगाम सैल सोडून आयाळ धरली तर बहुधा त्याला काठाला नेतो. भोपळ्यांची किंवा घागरींची सांगड बांधून नदी उतरणाऱ्या पायदळाच्या शिपायालाही पाणी डोळ्यांसमोर दिसे, आणि सांगड सुटली तर हातपाय मारण्यास तो मोकळा असे. माणूस, जनावर आणि पाणी या तिघांचा हा व्यवहार उघड्यावरचा होता. विसाव्या शतकाने त्यात चौथा भागीदार आणला, तो लोखंडाचा; आणि तेव्हापासून हा व्यवहार झाकणाखाली गेला.

लोखंड पाण्यावर तरंगते, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेपुरते मान्य करतो. मनाला ते कधीच पुरते पटलेले नसते. मला ते पटवून दिले माण तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांनी, ज्यांची उमेदीची बहुतेक वर्षे पायदळाची चिलखती गाडी, म्हणजे फौजेच्या बोलीतली बीएमपी, हाकण्यात गेली होती. त्यांच्या घरामागे जनावरांना पाणी पाजण्याचा सिमेंटचा हौद आहे. माझे पुस्तकी प्रश्न काही वेळ ऐकून घेतल्यावर ते उठले, गोठ्यातून गोड्या तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आले, आणि तो हौदात सोडून त्यात एकेक खडा टाकू लागले. डबा सरळ उभा राहिला आणि खड्यागणिक खाली बसत गेला. त्याची कड पाण्यापासून एक वीत राहिली, मग चार बोटे राहिली, मग दोन बोटे. तिथे ते थांबले. "आता ही भरलेली गाडी समजा," असे म्हणून त्यांनी तळहाताने पाण्याला अगदी हलका धक्का दिला, देव्हाऱ्यातल्या निरांजनाला वारा लागू नये म्हणून आपण हात हलवतो इतका हलका. पहिली लाट डब्याच्या कडेशी आली आणि परतली. दुसरी कडेवरून आत गेली. डबा किंचित कलला, त्या कललेल्या बाजूने तिसरी लाट आत आली, आणि त्यानंतर मला मोजता आले नाही. डबा हौदाच्या तळाशी गेला होता. "आवाज आला का काही?" एवढेच त्यांनी विचारले. आवाज आला नव्हता. गोळा फुटतो तेव्हा आवाज येतो, सुरुंग फुटतो तेव्हा येतो. पाणी मात्र आपले काम निःशब्द करते, आणि या निःशब्दतेतच त्या भीतीचे मूळ आहे, हे मला त्या हौदाच्या काठावर समजले.

त्या डब्याचे गणित कोणत्याही उभयचर गाडीचे गणित आहे. चौदा टन वजनाची गाडी तरंगायची तर तिने चौदा घनमीटर पाणी बाजूस सारले पाहिजे. तिच्या पोटाचा आकार त्याहून थोडा मोठा ठेवला, तर जो थोडा भाग पाण्याबाहेर राहतो तीच तिची शिल्लक. ही शिल्लक वाढवायची तर पोट मोठे करावे लागते आणि गाडी शत्रूला लांबून दिसू लागते. नाहीतर वजन कमी करावे लागते, आणि चिलखती गाडीत वजन म्हणजे प्रामुख्याने चिलखतच. रशियनांनी १९५० नंतरच्या वर्षांत बनवलेला पीटी-७६ हा तरंगता रणगाडा या कारणानेच पातळ कातडीचा झाला. त्याचे वजन सुमारे चौदा टन, पाण्यातला वेग ताशी दहा किलोमीटर, आणि चिलखताची जाडी इतकी बेताची की जड मशिनगनच्या गोळ्यांचीही काही बाजूंनी खात्री देता येऊ नये. म्हणजे या रणगाड्यात बसणाऱ्या शिपायाने पाण्यासाठी आपली कोरड्या जमिनीवरची सुरक्षितता आधीच गहाण टाकलेली असते. पाण्यात उतरण्यापूर्वी त्याला पाण्याची भीती वाटते, आणि पाण्याबाहेर आल्याबरोबर पातळ पत्र्याची भीती वाटू लागते. दोन्ही भीतींच्या मध्ये जी दोन-तीन मिनिटे जातात, त्यांना विश्रांती म्हणता येणार नाही.

आपल्या फौजेतली बीएमपी-२, जिला 'सारथ' असे नाव देऊन आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या, मेदकच्या कारखान्यात १९८० नंतरच्या दशकापासून तयार केले जाऊ लागले, तीही चौदा टनांच्या घरातली. तीत हाकणारे व लढणारे तिघे आणि वाहून न्यावयाचे सात, असे दहा जण बसतात. तिला पीटी-७६ सारखे पाण्याचे फवारे मारून ढकलणारे यंत्र नाही. जमिनीवर तिला ओढणारे पट्टेच पाण्यात वल्ह्यांचे काम करतात, आणि त्या बळावर ती ताशी सात किलोमीटरच्या वेगाने जाते. हा आकडा कागदावर बरा वाटतो. पण ताशी सात किलोमीटर म्हणजे सेकंदाला दोन मीटरांहून किंचित कमी, आणि पावसाळ्यात आपल्या कृष्णा-भीमेचे पाणी ज्याने पुलावरून पाहिले आहे, त्याला सेकंदाला दोन मीटर धावणारी धार ही काही अद्भुत गोष्ट वाटणार नाही. तशा धारेत ही गाडी प्रवाहासमोर नाक धरून पूर्ण बळाने चालली तरी जागच्या जागी उभी राहील. धार त्याच्या निम्मी असली आणि नदी तीनशे मीटर रुंद असली, तरी गाडी अडीच मिनिटांत पलीकडे जाईपर्यंत जवळजवळ दीडशे मीटर खाली ढकलली जाते. म्हणून उतरण्याची जागा आणि चढण्याची जागा कधीच समोरासमोर नसते. चढण्याची जागा खालच्या अंगाला हेरून ठेवावी लागते, आणि ती चुकली तर पुढे दरड आहे की चिखल आहे की सुरुंग आहे, हे कोणी सांगू शकत नाही. नदीत उतरणे जितके अवघड वाटते त्याहून तिच्यातून निघणे अवघड, हे जुने नावाडी सांगत; चिलखती गाडीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. पुढचे पट्टे काठाच्या गाळात रुतून चढू पाहतात, मागचा भाग अजून तरंगत असतो, नाक वर जाते, शेपूट खाली दबते, आणि ज्या दोन बोटांच्या शिल्लकीवर सगळा प्रवास झाला, ती शिल्लक नेमकी काठाला लागताना मागच्या बाजूने नाहीशी होऊ शकते.

या गाडीच्या पोटात बसणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण गाडीकडे काठावरून पाहतात. मागच्या कप्प्यात शिपाई पाठीला पाठ लावून, तोंडे बाहेरच्या भिंतींकडे करून बसतात. त्यांच्या पाठींच्या मध्ये इंधनाची टाकी असते. मागचे दोन दरवाजे, जे जमिनीवर त्यांच्या सुटकेची वाट असतात, तेही पोकळ असून त्यांत डिझेल भरता येते. पाण्यात हे दरवाजे उघडण्याचा प्रश्नच नाही. सुटका व्हायची तर डोक्यावरच्या झाकणांतून, एकामागून एक. ड्रायव्हर नाकावरची लाटरोधक फळी उभी करतो, हवेची नळी वर काढतो, तळातले पाणी उपसणारे पंप सुरू करतो, आणि गाडी उतारावरून पाण्यात घालतो. नाक आधी बुडते. फळीवर पाणी चढते. ड्रायव्हरच्या उंच केलेल्या दर्शिकेच्या काचेवर क्षणभर नुसता तपकिरी रंग दिसतो. मग पट्ट्यांखालची खडखड एकाएकी थांबते. पायाखालची जमीन सरकली, असे आपण संकटात सापडलेल्या माणसाविषयी म्हणतो. इथे ती खरोखरच सरकते, आणि त्या क्षणी इंजिनाचा सूरही बदलतो. सुभेदार म्हणत की त्या खडखडीच्या थांबण्याची त्यांना शेवटपर्यंत सवय झाली नाही. त्यानंतर ड्रायव्हरला काम असते, कमांडरला काम असते; मागे बसलेल्यांना काहीच काम नसते. त्यांच्या हातात बंदूक असून ती कोणावर रोखायची नसते, पाय असून चालायचे नसते, डोळे असून पाहण्यासारखे काही नसते. पंपाचा आवाज नीट चालू आहे ना, हे ऐकणे एवढाच त्यांचा उद्योग. आणि बुटाला ओल लागली तर ती गळती आहे, की चढताना बुटांबरोबर आलेले पाणी आहे, याचा निर्णय प्रत्येकाने मनातल्या मनात करायचा असतो, कारण पहिला आवाज आपला असू नये असे प्रत्येकाला वाटते.

त्यात माणूस कोठला, हेही पाहावे लागते. माण-खटाव, जत, नगरचा कोरडवाहू भाग, इथून पिढ्यान् पिढ्या पोरे फौजेत जात आली आहेत, आणि या मुलखात नदी म्हणजे वर्षाचे आठ महिने वाळू. तिथला मुलगा पोहायला शिकलाच तर विहिरीत शिकतो, पाठीला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून, काठावर थोरला भाऊ उभा असताना. विहिरीचे पाणी स्थिर असते, चार हातांवर भिंत असते. वाहत्या पाण्याची आणि त्याची पहिली ओळख वयाच्या विशीत, अंगावर गणवेश आणि भोवती चौदा टन लोखंड असताना होते. त्याने घाबरू नये अशी अपेक्षा करणे माणुसकीला धरून नाही. तो घाबरूनही गाडीत चढतो, हीच त्याची थोरवी आहे, आणि ती त्याला कोणी कधी बोलून दाखवलेली नसते.

१९७१ साली या साऱ्याची कसोटी लागली. पूर्व बंगालचा मुलूख म्हणजे नद्यांनी चिरलेला. तिथे जड रणगाडे घेऊन जाणे दुष्कर, म्हणून पीटी-७६ पुढे आले. २० आणि २१ नोव्हेंबरला बोयरा भागात गरीबपूर येथे ४५ कॅव्हलरीच्या एका स्क्वाड्रनने, धुक्यात, १४ पंजाब या पलटणीच्या साथीने पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांशी झुंज दिली व त्यांची दाणादाण उडवली. त्या झुंजीत स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग कामी आले आणि त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. ज्या रणगाड्याची कातडी तरंगण्यासाठी पातळ ठेवलेली होती, त्याने जमिनीवर ही कामगिरी केली, हे विसरू नये. पुढे डिसेंबरात लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांचे चौथे कोअर मेघनेच्या काठाशी आले, तेव्हा आशुगंजचा रेल्वेपूल शत्रूने उडवलेला होता. सगतसिंगांनी हेलिकॉप्टरांतून पलटणी पलीकडे उतरवल्या. ती कथा सर्वश्रुत आहे आणि तिचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच आहे. पण हेलिकॉप्टरातून रणगाडा नेता येत नव्हता. तो पोहूनच जायचा होता. मेघनेच्या त्या अफाट पात्रात पोहता पोहता पीटी-७६ ची इंजिने तापू लागली, आणि तिथल्या देशी नावांनी त्यांना दोर लावून ओढले, असे त्या मोहिमेचे वृत्तांत सांगतात. ही हकीकत वाचताना मी दर वेळी थबकतो. इंजिन तापल्यावर ते बंद करण्याचा हुकूम देणारा कमांडर, पंप चालावेत म्हणून ते बंद होऊ नये अशी आत प्रार्थना करणारा ड्रायव्हर, आणि बाहेर उघड्या अंगाने दोर खेचणारा बंगाली नावाडी, ज्याच्या होडीला कसलेही चिलखत नव्हते. लोखंडाला लाकडाने पलीकडे नेले.

तरंगणाऱ्या गाड्यांहून वेगळी, आणि माझ्या मते अधिक भयंकर, अशी दुसरी जात आहे ती नदीच्या तळावरून चालणाऱ्या रणगाड्यांची. टी-७२ हा एक्केचाळीस टनांचा रणगाडा तरंगत नाही. तयारीशिवाय तो सव्वा मीटरपर्यंत पाण्यातून जाऊ शकतो. सगळी छिद्रे बंद करून, बुरुजावर हवेची उंच नळी बसवून, तो पाच मीटर खोल पाण्याच्या तळावरूनही चालू शकतो. आत तिघे असतात. ड्रायव्हर पुढच्या बाजूस एकटा असतो, त्याला काहीही दिसत नाही. दिशादर्शक यंत्राचा काटा आणि रेडिओवरचा आवाज एवढ्यावर तो गाडी सरळ ठेवतो. रशियनांनी या शिक्षणासाठी पूर्वी एक जाड नळी केली होती, जिच्यातून माणूस वर चढून येऊ शके. लढाईसाठी मात्र बारीक नळी, जिच्यातून फक्त हवा येते. शिकाऊ शिपायाला जाड नळीचा आधार द्यावा लागला, यातच त्याच्या भीतीची सरकारी कबुली आहे.

आणि तळावर गाडी बंद पडली तर? तीन मीटर खोलीवर अर्धा मीटर रुंद व साठ सेंटिमीटर लांब झाकणावर पाण्याचा भार जवळजवळ नऊशे किलो असतो. तो कोणत्याही मर्दाच्या खांद्याने उचलला जात नाही. म्हणून नियम असा की शिपायांनी श्वासाचे यंत्र तोंडावर चढवावे, आणि स्वतःच्या हाताने पाणी आत घ्यावे; गाडी भरत जाऊन आतला व बाहेरचा दाब सारखा झाला की मगच झाकण उघडते. बुडण्यापासून वाचायचे तर आधी बुडावे लागते. गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत थंड पाणी चढत असताना हात झाकणावर न मारता शांत बसून राहायचे, आणि शेजारच्यालाही बसवून ठेवायचे, यासाठी जे धैर्य लागते ते तोफेच्या तोंडी जाण्याच्या धैर्याहून वेगळ्या धातूचे आहे. त्यात ड्रायव्हरची अडचण आणखी एक. बुरूज विशिष्ट कोनात वळलेला असला तर तोफेची नळी त्याच्या झाकणावर येते, आणि त्याला आपल्या दाराने बाहेर पडता येत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये, २८ तारखेच्या रात्री, पूर्व लडाखमध्ये सासेर ब्रांगसाजवळ श्योक नदीत लष्कराचा टी-७२ असाच अडकला. सराव आटोपून गाड्या परतत होत्या. पाणी एकाएकी वाढले. मदतीची पथके धावली, पण प्रवाहाचा जोर आणि पाण्याची उंची यांपुढे त्यांचे काही चालले नाही, आणि पाच जण गेले. ती रात्र युद्धाची नव्हती. हिमालयातल्या नद्यांचा स्वभाव दख्खनच्या माणसाला ओळखीचा नसतो. तिथे दिवसभराच्या उन्हाने वितळलेले बर्फ संध्याकाळनंतर खाली उतरते, आणि दुपारी ज्या उतारातून गाडी सहज गेली तिथेच रात्री पाणी चढलेले असते.

समुद्राच्या कथांत मी फार शिरणार नाही, कारण नदीचा विषय समुद्राला जुंपला की तो पसरत जातो. तरी दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. निकोलस स्ट्राउसलर याच्या युक्तीने ब्रिटिशांनी रणगाड्याभोवती कॅनव्हासचा पडदा उभारून त्याला तरंगते केले, तेव्हा ४ एप्रिल १९४४ रोजी इंग्लंडमधल्या स्टडलंड उपसागरात सराव करताना सहा व्हॅलेंटाइन रणगाडे बुडाले आणि सहा शिपाई गेले. दोनच महिन्यांनी, ६ जूनला, नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकनांच्या ७४१ व्या रणगाडा पलटणीने एकोणतीस रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडले. त्यांपैकी सत्तावीस बुडाले. कॅनव्हासची ही सुरकुतलेली भिंत आणि तिच्या तळाशी लटकणारे तीस टन लोखंड, यांवर किती माणसांनी आपला जीव सोपवला होता, हे आकडे सांगत नाहीत. त्याच जातीचे रणगाडे १९४५ च्या मार्चमध्ये ऱ्हाइन नदी पोहून गेले, हेही तितकेच खरे. यंत्र तेच होते. पाणी निराळे होते.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे, सॅन क्लेमेंटे बेटाजवळ, अमेरिकन मरीन दलाची एक उभयचर गाडी सोळा जणांसह जहाजाकडे परतत असताना बुडाली आणि नऊ जण मृत्यू पावले. ती क्षणात बुडाली नव्हती. पाऊण तास तिच्यात पाणी चढत होते. पुढे झालेल्या चौकशीत निष्पन्न झाले की गाड्यांची दुरुस्ती नीट झालेली नव्हती, बुडत्या गाडीतून निसटण्याचे शिक्षण साऱ्यांना पुरते दिलेले नव्हते, आणि बाहेर पडण्याचा हुकूम फार उशिरा निघाला. त्या पाऊण तासात आतल्या तरुणांना भीती वाटली नसेल असे कोण म्हणेल? भीती सर्वांत आधी जागी झाली होती, घोट्याशी पाणी आले तेव्हाच. पण तिचे म्हणणे ऐकून घेण्याची तजवीज त्या व्यवस्थेत नव्हती. मला हा प्रसंग कोणत्याही पराभवाहून अधिक दुःखद वाटतो.

म्हणून पुढील पानांत वाचकाला यंत्रांची माहिती आहे तितकीच मनाचीही दिसेल, आणि त्या दोहोंची सरमिसळ झाली आहे असा आक्षेप आला तर तो मला मान्य आहे. ही सरमिसळ प्रत्यक्षातच आहे. पाच सेंटिमीटर व्यासाचे एक भोक पाण्याच्या एक मीटर खाली उघडे राहिले, तर दर मिनिटाला सुमारे तीनशे लिटर पाणी, म्हणजे तीन क्विंटल वजन, आत येते. ते भोक बंद करणारे बूच नीट बसले आहे की नाही, हा यांत्रिक प्रश्न आहे. ते तपासण्यास कोणाचे मन किती वेळा त्याच्याकडे ओढ घेते, हा भीतीचा प्रश्न आहे. आणि ज्या गाडीतल्या माणसाला भीती बोलून दाखवण्याची मुभा असते, त्या गाडीतली बुचे अधिक वेळा तपासली जातात. आमच्या नगरच्या छावणीत, जिथे चिलखती दळाचे शिक्षण अनेक दशके चालत आले आहे आणि यांत्रिक पायदळाच्या रेजिमेंटचे केंद्रही आहे, तिथून शिकून गेलेल्या जुन्या उस्तादांपैकी जे जे मला भेटले, त्यांच्यात एक समान गोष्ट मला आढळली: शिकाऊ शिपायाने 'भीती वाटत नाही' असे ठणकावून सांगितले, की ते त्याला पहिल्या दिवशी पाण्यात उतरवत नसत.

माणच्या त्या सुभेदारांची एक सवय सांगून थांबतो. त्यांच्या पलटणीत पाण्यात उतरण्यापूर्वी तळाची बुचे बसवून तशी नोंद रजिस्टरात करण्याचे काम दुसऱ्याकडे असे, आणि त्याची सही झालेली असे. तरीही ते प्रत्येक वेळी गाडीखाली पाठीवर सरपटत जात आणि एकेक बूच स्वतः चाचपून येत. एका तरुण अधिकाऱ्याने त्यांना विचारले, की सुभेदारसाहेब, सहीवर तुमचा विश्वास नाही का? ते म्हणाले, "विश्वास आहे, साहेब. पण सही वाचली तरी पोटातला गोळा जात नाही. बूच हाताला लागलं की जातो." हे सांगताना ते हौदाच्या काठावर बसले होते, संध्याकाळ झाली होती, आणि तळाशी गेलेला तो डबा अजून पाण्यातच होता. त्यांचा उजवा हात बोलण्याबरोबर नकळत वर उठला, मनगट वळले, पाना घट्ट बसेपर्यंत फिरले, थांबले. आणि मग, डोळे मिटून, आणखी थोडेसे फिरले.